दुसरं उत्तर

"हे दुसरं उत्तर कुणी घेतच नाही, सर. टाकून देऊ ना?"

इंजिनीअर बाईंनी एवढंच विचारलं आणि धाकट्याचा कप ओठांपाशी जाता जाता मध्येच थांबला. विचारण्यात काही वावगं नव्हतं. लिफ्टचा जुना प्रोग्रॅम नव्या भाषेत उतरवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि घर बदलताना अडगळ नव्या घरी नेत नाहीत हे कुणीही सांगेल. बाई कामाला चोख होत्या, उगाच शंका काढणाऱ्यांतल्या नव्हत्या. समोरच्या पडद्यावर दाराचं फंक्शन उघडलेलं होतं. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅमच्या पोटातला एक हुकमाचा ताबेदार. हाक मारली की येतो, नेमून दिलेलं काम करतो, उत्तर देतो. हा दारावरचा ताबेदार एका हाकेला दोन उत्तरं द्यायचा. दार लागलं का, हे पहिलं. बाहेरून कुणी येतंय का, हे दुसरं. लिफ्ट पहिलं उत्तर उचलायची आणि चालू पडायची. दुसऱ्याकडे ढुंकून बघायची नाही. इतकी वर्षं शहरभरच्या इमारतींमध्ये तसं चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. कप खाली ठेवताना धाकट्याच्या कानात ताईचा आवाज आला, कालचा, फोनवरचा. "आणि अजून एक—" एवढाच.

काल ताईचा फोन आला तेव्हा तो मीटिंगच्या खोलीच्या दारात उभा होता, एक हात दाराच्या मुठीवर. ताईचा फोन यायचा रविवारी, आणि काल रविवार नव्हता, हे खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं. "बरी आहेस ना?" त्याने विचारलं. "बरी आहे रे. आणि अजून एक—" "ताई, मीटिंगला उभा आहे. येतो जरा वेळाने," असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला होता. मीटिंग लांबली, मग कुणीतरी गाठलं, मग घरी जाऊन जेवण, टीव्ही, झोप. झोपसुद्धा चांगली लागली. आणि आता एका परक्या बाईने दाराविषयी साधा प्रश्न विचारला, तर तो फोन आठवला. "संध्याकाळी सांगतो," तो म्हणाला. "आजच हवं होतं, सर. उद्या सकाळी काम पुढे जाणार." "आजचीच संध्याकाळ." बाई हसून गेल्या. जाताना दार त्यांनी हलकेच लावलं, तरी कडी पडल्याचा आवाज झालाच.

साठीला टेकला तरी ऑफिसात त्याला धाकटे सर म्हणत. नव्या पोरांना वाटायचं, आडनावच धाकटे असेल. थोरली इथे कोण होती हे आता कुणाला ठाऊक नव्हतं. थोरली म्हणजे ताई. ती आधी या कंपनीत लागली, तिच्या मागोमाग तो, आणि मोठे साहेब दोघांना हाक मारताना थोरली आणि धाकटा म्हणायचे, तेच चिकटलं. साहेब गेले, ताई गेली, कपाटाएवढे कॉम्प्युटर जाऊन डब्याएवढे आले, तेही जाऊन पाटीएवढे आले. धाकटा तेवढा धाकटाच राहिला. त्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे चाचणीची लिफ्ट होती. दिवसभर ती रिकामीच वर-खाली करायची. तिचं दार उघडल्यावर क्षणभर सगळं गप्प व्हायचं आणि मग दार लागायचं. तो मधला गप्पपणा त्याला इतका सवयीचा झाला होता की तो ऐकू येतो हेही तो विसरला होता. आज मात्र प्रत्येक वेळी ऐकू आला.

त्या गप्पपणाला कारखान्यातली माणसं थबका म्हणायची. बाहेरच्या कुठल्याही लिफ्टचं दार उघडतं आणि लागतं. यांच्या लिफ्टचं दार उघडल्यावर जरा थबकतं, आपल्याला काही आठवलंय पण सांगावं की नाही अशासारखं, आणि मग लागतं. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याला भारदस्त नाव होतं, सौजन्य विराम. ते वाचून ताई कँटीनमध्ये इतकी हसली होती की तिला ठसका लागला. कारण सौजन्याचा त्यात सुतराम संबंध नव्हता. ती निव्वळ चूक होती, आणि तीसुद्धा एकाची नाही, दोघांची मिळून.

मुळात सगळं आईपासून सुरू झालं. आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज लोकांना जोडून द्यायची आणि घरी आल्यावरही तिचं तेच चालायचं. "कसा गेला दिवस?" "चांगला." "आणि?" हा 'आणि' म्हणताना तिचा आवाज शेवटी किंचित वर जायचा आणि तिथेच राहायचा. तेवढा एक शब्द टाकून ती गप्प बसायची. भांडी घासत असली तर नळ बंद करायची. मग आपोआप दुसरं उत्तर निघायचं. वर्गात मारामारी झाली, डबा सांडला, बाईंनी उगाच रागावलं. पहिलं उत्तर बहुधा साळसूद असायचं, खरं काय ते दुसऱ्यात. आई म्हणायची, एक्सचेंजमध्ये एक गोष्ट शिकले, लोक ठेवते ठेवते म्हणतात आणि मग मुद्द्याचं बोलतात. लाइन तोडायची घाई करू नये. वडिलांचं धाकट्याला काहीच आठवत नव्हतं. घर म्हणजे दोन खोल्या, आई, ताई आणि तो 'आणि'.

आईचा दुसरा हट्ट शब्दाचा. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. हे सगळ्याच घरांत असतं, पण आईचं त्यात जरा जास्तच होतं. ताई एकदा कॉलेजला निघताना भांडली आणि "जाते मी" म्हणून पाय आपटत जिना उतरली. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती तळाशी पोचते न पोचते तोच आईने कठड्यावरून हाक मारली. काय विसरलं म्हणून ताई धापा टाकत वर आली, तर आई शांतपणे म्हणाली, "काय म्हणायचं असतं?" ताई दात-ओठ खात "येते" म्हणाली आणि पुन्हा चार मजले उतरली. लिफ्टच्या कंपनीत ती शिरली ती त्या दिवसाचा वचपा काढायला, असं धाकटा पुढे सगळ्यांना सांगायचा. ताई त्यावर त्याच्या डोक्यात टपली मारायची, भर ऑफिसात, साहेबांच्या देखत.

साहेबांनी काम दिलं ते असं. एका इमारतीत चार लिफ्ट, त्यांना चालवायला एकच कॉम्प्युटर, आणि तोही दमेकरी, त्याला एका वेळी एकच गोष्ट सुचायची. एका दाराचं काम पुरतं संपेपर्यंत बाकीच्या लिफ्ट ताटकळत. तेव्हा अशी भाषा हवी की जिच्यात अर्धं काम झाल्यावर बाजूला होता येईल, दुसऱ्याला जागा देता येईल आणि मग परत येऊन जिथे सोडलं तिथून, हातातल्या सगळ्या वस्तूंसकट, पुढे सुरू करता येईल. बाजारातल्या भाषांत एकदा उत्तर दिलं की फंक्शन संपलं. गेलं ते गेलं. "आपल्याकडे याला शब्द आहे की," ताई म्हणाली. दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे बघून एकदमच बोलले. तो म्हणाला, "येतो." ती म्हणाली, "येते." मग त्यावरूनच पहिलं भांडण. फंक्शन पुरुष की बाई? निकाल काही लागेना, तेव्हा दोन्ही शब्द चालतील असं करून टाकलं. लिहिणारा असेल तसा लिहील. साहेबांनी विचारलं, दोन्हींत फरक काय? "काही नाही," ताई म्हणाली, "फक्त निघालंय कोण ते कळतं." आजही धाकटा एखादा जुना कागद उघडायचा आणि 'येते' दिसलं की हा भाग ताईचा हे ओळखायचा. थांबलेल्याला पुन्हा हाक मारायचा शब्द तर ठरलेलाच होता. त्यावर एका अक्षराची चर्चा झाली नाही. 'आणि' लिहिलं की थांबलेलं फंक्शन पुढे बोलायला लागायचं. भाषेचं नाव ठेवलं येजा.

खरी भांडणं त्यानंतर. कारण ताईला एका हाकेला एकापेक्षा जास्त उत्तरं हवी होती. दारावर दोन पाहुणे एकदम आले तर दोघांना एकदमच आत घेतो, एकाला बाहेर ठेवून पुन्हा घंटा वाजवायला लावत नाही, हे तिचं म्हणणं. धाकट्याला ते पटलं, पण त्यातून तिढा असा पडला की एकदम येणारी दोन आणि एकामागून एक येणारी दोन, ही वेगळी ओळखायची कशी? आणि दोन दिली, पण घेणाऱ्याने एकच घेतलं, तर उरलेल्याचं काय? जगातल्या शहाण्या भाषा उरलेलं टाकून देतात. ताई म्हणाली, "उरलेलं टाकायचं नसतं. झाकून ठेवायचं. पुढच्या वेळी आधी ते वाढायचं." हा तिचा नियम. धाकट्याचा नियम वेगळाच होता. थांबलेल्या फंक्शनने स्वतः होऊन उठून यायचं नाही. सगळे आपापल्या मनाने यायला लागले तर बाजार भरेल. हाक मारणाऱ्याने 'आणि' म्हणायचं, मगच त्याने बोलायचं. "म्हणजे कुणी 'आणि' म्हणालंच नाही, तर ते बिचारं तिथेच उभं?" ताईने विचारलं होतं. "उभं," तो म्हणाला. "त्याला काय पाय दुखतात?" दोघांचेही नियम ठेवले. वेगवेगळे तपासले तर दोन्ही बिनचूक होते.

आणि पहिल्या चाचणीला लिफ्ट थबकली. दोघांनी जंग जंग पछाडलं. तारा तपासल्या, मोटर तपासली, मिस्त्रीवर आळ घेतला, मिस्त्री फुगून बसला. शेवटी सापडलं ते हे: दार दोन उत्तरं द्यायचं, लिफ्ट एकच घ्यायची, ताईच्या नियमाप्रमाणे दुसरं झाकून राहायचं, धाकट्याच्या नियमाप्रमाणे दार 'येते' म्हणून गप्प उभं राहायचं, आणि पुढच्या मजल्यावर लिफ्टने 'आणि' म्हटलं की आधी ते मागचं शिळं उत्तर हातात पडायचं. लिफ्ट म्हणायची, हे नव्हे, आणि पुन्हा विचारायची. त्या दुसऱ्यांदा विचारण्यात दार तेवढा वेळ उघडं राहायचं. "तुझ्यामुळे," धाकटा म्हणाला. "तुझ्यामुळे," ताई म्हणाली. तेवढ्यात मोठे साहेब काठी टेकत आले. त्यांचा गुडघा तेव्हा फार दुखायचा. दार उघडलं, ते बेताबेताने आत शिरले, आणि ते शिरेपर्यंत दार थांबलं. साहेबांनी वळून दोघांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरल्यासारखे झाले होते. "हे फार चांगलं केलंत," ते म्हणाले. "दार माणसाची वाट बघतं." बहीणभावांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. ते बोट आजवर निघालं नव्हतं. इंजिनीअर बाईंना तो थबका कुठून येतो हे माहीत नव्हतं, आणि दुसरं उत्तर टाकलं की तो कायमचा जाणार, हे जगात दोघांनाच कळू शकत होतं.

ताई कंपनी सोडून गेली ती भाऊजींच्या बदलीबरोबर. स्टेशनवर की बसथांब्यावर, कुठे निरोप दिला हे आता नीट आठवत नव्हतं, पण तिने 'येते' म्हटलेलं आठवत होतं. आली ती भाऊजी गेल्यावर, पांढऱ्या केसांनी, याच शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलगी लांबच्या गावी नोकरीला. एकाच शहरात असून भेटणं होत नव्हतं, याला तसं कारणही नव्हतं. रविवारचा फोन होता. बरी आहेस ना, बरी आहे, तू जेवलास का, जेवलो, ठेवतो. या फोनला धाकटा मनातल्या मनात हजेरी म्हणायचा. मागच्या रविवारी ताईने 'जेवलास का' असं एकाच फोनमध्ये दोनदा विचारलं होतं. थोरल्या बहिणींना दुसरं सुचतं काय, असं म्हणून तो बायकोजवळ हसला होता. आता खुर्चीत बसून तो ते फोन आठवायला लागला आणि त्याला त्यांतली पहिली उत्तरं तेवढी आठवली. 'बरी आहे' नंतर ताई दर वेळी जरा थांबायची का? थांबायची. त्या थांबण्यात तो 'ठेवतो' म्हणायचा. किती रविवार ती तिथे उभी होती कुणास ठाऊक. पाय दुखले असतील.

दुपारी त्याने फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, तेच. झोपली असेल. बाजारात गेली असेल. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते काही खोटं नाही. पडदा बघता बघता त्याला ताई न्हाणीघरात पडलेली दिसली, दवाखान्याच्या बाकावर एकटी बसलेली दिसली, पाकिटातून कसला तरी रिपोर्ट काढून चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न करताना दिसली. 'अजून एक' मध्ये काय काय मावू शकतं याला काही धरबंध नव्हता. भिंतीपलीकडे लिफ्ट थबकली. तो उठला, पिशवी उचलली आणि इंजिनीअर बाईंच्या टेबलाशी जाऊन म्हणाला, "येतो मी. तुमचं उत्तर ज्याचं आहे त्याच्याकडूनच घेऊन येतो." बाईंना वाटलं, सर कुठल्यातरी सल्लागार कंपनीकडे निघाले. त्यांनी शुभेच्छा दिल्या.

बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. शाळा सुटत होत्या, दुकानांच्या पाट्यांवर ऊन तिरपं आलं होतं, एक माणूस शिडीवर चढून दिव्याचा खांब रंगवत होता. आपण ताईच्या घरी शेवटचे कधी गेलो याचा हिशेब त्याने सुरू केला आणि मध्येच सोडून दिला. तिची इमारत जुनी होती, पण लिफ्ट यांचीच. तळमजल्यावर दार उघडलं, थबकलं. कधी नव्हे ते आपल्याच लिफ्टमध्ये पाहुण्यासारखं शिरताना त्याला अवघडल्यासारखं झालं. लिफ्टमधल्या आरशाचा पारा कडेने उडाला होता आणि त्यात तो आईसारखा दिसत होता, विशेषतः हनुवटीपाशी.

ताईने दार उघडलं. धडधाकट. चष्मा केसांत खोचलेला, हाताला प्लास्टर नाही, पट्टी नाही, काही नाही. "अगोबाई, तू? वाट चुकलास?" "फोन का उचलत नाहीस?" "वाजला होय? रेडिओ लावला होता." धाकट्याच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ रागही आला, जसा हरवलेलं पोर सापडल्यावर येतो. तो खुर्चीत बसला. ताईने चहा केला. चहात साखर दुप्पट होती. लाड करतेय, असं मनात म्हणून त्याने तो घोट घोट संपवला. खोली नीटनेटकी होती. टेबलावर दोन कप, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, भिंतीवर आईचा फोटो, कानाला यंत्र लावलेला, एक्सचेंजमधला. फोटोतही ती कुणाचं तरी ऐकून घेत होती.

"दाराचं दुसरं उत्तर टाकून देताहेत," तो म्हणाला. आल्याचं कारण म्हणून काहीतरी सांगायला हवंच होतं.

"कुठल्या दाराचं?" असं ताईने विचारलं नाही. ती क्षणात तिथे पोचली. "म्हणजे थबका जाणार," ती म्हणाली. तिचे डोळे चमकले. "ते शिळं उत्तर पुढच्या 'आणि'ला वर येतं, म्हणून होतं ते. तुझा नियम एकटा असता तर झालं नसतं."

"तुझा एकटा असता तरी झालं नसतं."

"भाषा कुठली आहे नवी? उरलेलं ठेवते की टाकते?"

"टाकते."

"मग टाकू देत," ताई म्हणाली. धाकट्याला हे अपेक्षित नव्हतं. आपण तिच्या वतीने भांडायला तयारीने आलो आणि तिने तलवारच खाली ठेवली, असं त्याला झालं. "अरे, असा काय बघतोस? नियम टाका, थबका ठेवा. दार उघडलं की जरा थांबायचं, अशी सरळ एक ओळ लिहा तिथे. इतके दिवस चुकून होत होतं, आता मुद्दाम करा. त्याच्यात काय?"

इतकं सोपं होतं. इतकी वर्षं हे दोघांपैकी एकालाही सुचू नये याची त्याला गंमत वाटली. त्याने तिथूनच इंजिनीअर बाईंना फोन लावला. दुसरं उत्तर खुशाल टाका, पण दारात थांबायची एक ओळ घाला, म्हणाला. बाईंनी विचारलं, किती वेळ थांबायचं? त्याने फोनवर हात ठेवून ताईला विचारलं. ताई म्हणाली, "म्हाताऱ्या साहेबांचा गुडघा आत येईपर्यंत." त्यावर दोघंही हसत सुटले आणि फोनमध्ये बाई हॅलो, हॅलो करत राहिल्या. मग जुन्या गोष्टी निघाल्या. फुगलेला मिस्त्री, सौजन्य विराम, आईने परत बोलावलेला तो जिना. ताईला सगळं आठवत होतं, त्याच्याहून जास्त. त्या दिवशी आई कुठल्या रंगाचं पातळ नेसली होती तेही. धाकट्याला हलकं हलकं वाटलं. दुपारी डोळ्यांपुढे आलेल्या चित्रांची त्याला लाज वाटली. ताई बरी होती. पहिलं उत्तरच खरं होतं. त्याने घड्याळ पाहिलं आणि उठला.

ताई सवयीने लिफ्टपर्यंत आली. "येतो ग," तो म्हणाला. "ये," ताई म्हणाली. तो आत शिरला, वळला, तळमजल्याचं बटण दाबलं. दार लगेच लागलं असतं तर तो खाली गेला असता, बसची खिडकी बघितली असती आणि रविवारची वाट पाहिली असती. पण दार थबकलं. त्या तेवढ्या अवकाशात दोघं समोरासमोर उभे राहिले, बोलण्यासारखं काही नसताना, आणि त्या रिकामपणातच त्याला आठवलं.

"अगं, काल काय सांगत होतीस? आणि अजून एक, म्हणालीस, आणि मी फोन तोडला."

"विसरले," ताई म्हणाली.

धाकटा हसला. "साठी बुद्धी नाठी," तो म्हणाला. "असू दे. आठवलं की फोन कर."

"तसं नाही रे धाकल्या." ताई त्याच्याकडे बघत नव्हती, दाराच्या चौकटीकडे बघत होती. "तेच सांगायचं होतं. विसरायला लागलेय मी."

दार सरकायला लागलं. त्याने पाय मध्ये घातला. दार गुडघ्याला लागलं, जरा कुरकुरलं आणि मागे गेलं. तो बाहेर आला. तळमजल्याचं बटण दाबलेलं होतंच, लिफ्ट त्याला न घेताच गेली. जिन्याच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन ताईच्या पायांवर पडलं होतं. तिने एका पायात स्वतःची चप्पल घातली होती आणि एका पायात भाऊजींची, जुनी, मोठी. आल्यापासून तिच्या पायांकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

"परवा घरी येताना मजला विसरले," ताई म्हणाली. "लिफ्टमध्ये उभी राहिले नुसती. दार उघडायचं, लागायचं. शेवटी खालच्या बाईंनी आणून सोडलं. मुलीला सांगितलं नाही अजून. म्हटलं आधी तुला सांगावं."

धाकट्याच्या जिभेवर खूप वाक्यं आली. वयाने होतं असं. मीसुद्धा चष्मा शोधत बसतो. चांगला डॉक्टर बघू. उद्याच येतो, मग ठरवू. एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि त्यांतलं कुठलंही म्हटलं असतं तरी दार लागलं असतं. ताई वाट बघत होती, बसमध्ये पैसे देऊन तिकिटाची बघतात तशी, काही फार न मागता. तो आयुष्यात पहिल्यांदा आईचा तो शब्द तोंडाने विचारत होता; आजवर त्याने तो नुसता लिहिला होता.

"आणि?" तो म्हणाला. आवाज शेवटी किंचित वर गेला आणि तिथेच राहिला.

ताईने चमकून वर पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम लहान झाला.

"आणि भीती वाटते," ती म्हणाली. "आईचा आवाज आठवतो. तिची रेषन् रेष आठवते. पण सकाळी काय केलं ते जातं. असंच एक एक करून सगळं गेलं, तर मग मी कुठे असेन रे?"

त्याने तिचा हात धरला. हात गार होता आणि आईसारखाच रुंद होता. दोघं तसेच उभे राहिले. लिफ्ट पुन्हा वर आली, उघडली, आत कुणी नव्हतं, जरा थांबली आणि लागली. यापुढेही ती अशीच थांबणार होती, आता चुकून नाही.

"आणि?" त्याने पुन्हा विचारलं.

"आणि काय, उंबऱ्यात उभं राहून बोलायचं का सगळं?" ताईने डोळे पुसले आणि घराकडे वळली. "आत ये आधी. मघापासून आलायस, साधा चहासुद्धा विचारला नाही मी तुला. टाकू ना?"

उघड्या दारातून टेबल दिसत होतं. त्यावरचे दोन कप दिसत होते, तळाशी अजून ओले. धाकट्याने पिशवी खाली ठेवली आणि बूट काढले.

"टाक," तो म्हणाला.